बरगडीखालचा वण

सौ. ताईस,
सप्रेम नमस्कार.

फोन न करता लिहायला बसले, कारण तुझा फोन कायम स्पीकरवर असतो आणि शेजारी आई असते. तिला मागच्या महिन्यात सहज सांगून पाहिलं, की पोटाची ही सैल कातडी काढून टाकायचा विचार आहे. "पोट कुणाला दाखवायचंय तुला?" एवढं म्हणाली आणि विषय बदलला. तू तसं म्हणणार नाहीस, पण मनात येईलच. म्हणून आधीच सांगते. आरशात बघवत नाही हे खरंच आहे, ते लपवत नाही. पण सिझरच्या वणावर जी घडी लोंबते, तिच्याखाली घाम साचून कातडी सोलवटते, खाज सुटते, मलमं लावून थकले. पोटाचे दोन उभे स्नायू दुसऱ्या बाळंतपणानंतर एकमेकांपासून लांब गेले ते गेलेच. उताणं झोपून मान उचलली की मधल्या फटीत तीन बोटं जातात. फिजिओथेरपी वर्षभर केली. कंबर जरा सावरली, पण ताणून सैल झालेली कातडी व्यायामाने थोडीच आत जाते! वजन दोन वर्षं जागचं हललेलं नाही, आणि आता मूलबाळ तर होणार नाही. टमी टकचा, म्हणजे पोटाची सैल कातडी काढायच्या या ऑपरेशनचा, विचार करायला जे जमून यावं लागतं, ते सगळं जमलेलं होतं.

पहिल्या सर्जनकडे गेले तेव्हा मला एकच भीती होती, दोन सिझरच्या वणाची. तो जाड, लालसर, दोरीसारखा. त्याने दहा मिनिटं पाहिलं, म्हणाला काही प्रॉब्लेम नाही, आणि तारीखच द्यायला निघाला. बरगडीखालच्या वणाबद्दल ना त्याने विचारलं, ना मी बोलले. तो वण माझ्या इतका अंगवळणी पडलाय की तो आहे हेच विसरायला होतं. तरी मन कचरलं, म्हणून दुसरीकडे दाखवलं.

ही दुसरी डॉक्टर बाई वेगळीच. आधी उभं केलं, मग वाकवलं, मग झोपवून खोकायला लावलं, सगळ्या वणांवर एकेक बोट दाबून. जुन्या टाक्यांखाली हर्निया असेल तर खोकताना तिथे फुगवटा येतो. कातडी सोडवताना तो फुगवटा लक्षात आला नाही, तर आतल्या आतड्यालाच धक्का लागू शकतो. फुगवटा काही लागला नाही, तरी सीटी स्कॅन करायचा म्हणाली, कारण चरबीच्या थराखाली छोटा हर्निया हाताला लागत नाही.

आणि मग बरगडीखाली तिरक्या गेलेल्या त्या वणावर बोट ठेवून ती गप्पच झाली. "हा कधीचा?" १९९८ चा, म्हटलं. पित्ताचे खडे. तुला आठवत असेल, दुर्बिणीने पित्ताशय काढणं १९८५ मध्येच जर्मनीत सुरू झालं होतं, पण माझ्या वाट्याला मोठा छेदच आला. हा छेद कोखर नावाच्या स्विस सर्जनच्या नावाने ओळखला जातो. त्याला थायरॉइडवरच्या कामासाठी १९०९ साली नोबेल मिळालं होतं. म्हणजे नोबेलवाल्याची सही आहे माझ्या पोटावर!

तिने पेनाने माझ्या पोटावरच नकाशा काढून दाखवला. पोटाच्या कातडीला रक्त तीन बाजूंनी येतं. मधल्या भागाला खालच्या स्नायूंतून वर येणाऱ्या वाहिन्यांमधून, ओटीपोटाला जांघेकडून, आणि दोन्ही कुशींना बरगड्यांच्या मधून नि कमरेकडून. ह्यूगर नावाच्या सर्जनने १९७९ साली हे तीन भाग मांडून दाखवले. आता टमी टकमध्ये काय करतात बघ. एका कमरेपासून दुसऱ्या कमरेपर्यंत खाली आडवा छेद घेतात, कातडी चरबीसकट स्नायूंवरून वर बरगडीपर्यंत सोडवतात, फाकलेले स्नायू शिवून जवळ आणतात, कातडी खाली ओढतात आणि उरलेली कापून टाकतात. बेंबी आपल्या देठावर जागच्या जागी राहते, तिच्यासाठी वरून आलेल्या कातडीत नवं भोक पाडतात. एवढं सगळं करताना खालून येणारं रक्त छेदामुळे तुटतं, मधलं कातडी सोडवताना तुटतं. वरून ओढून आणलेली सगळी कातडी जगते ती फक्त कुशीकडून येणाऱ्या तिसऱ्या वाटेवर.

आणि माझ्या उजव्या बाजूला नेमकी तीच वाट त्या जुन्या छेदाने अडवलेली आहे. शेताला तीन पाट, त्यातले दोन आपण बंद करायचे, आणि तिसऱ्यावर कुणीतरी पूर्वीच बांध घालून ठेवलाय असं समज. वणाच्या खालचा, मध्याकडचा तुकडा उपाशी राहतो, वर टाक्यांचा ताण. तो काळा पडला तर कातडी मरते, जखम उघडते, आणि महिनोन्‌महिने ड्रेसिंग. इतक्या वर्षांत थोड्याफार नव्या वाहिन्या वण ओलांडून गेल्या असतील, पण त्यावर विसंबायचं नाही, असं तिचं म्हणणं.

ज्या वणाचा मी वीस वर्षं राग राग केला, तो सिझरचा, त्याची तिला काडीचीही काळजी नव्हती. तो कापून टाकायच्या भागातच येतो, म्हणजे कचऱ्यात जाणार. अपेंडिक्सचा वणही बहुतेकांचा तसाच निघून जातो. दुर्बिणीची बारीक भोकं सहसा आडवी येत नाहीत, मात्र बेंबीतून झालेलं असेल तर ती जागा नीट तपासतात. आणि तुझा उभा वण, ताई, मी मुद्दाम विचारलं! मधोमध उभा असेल तर दोन्ही अर्ध्यांना आपापल्या कुशीकडून रक्त मिळतं, त्यामुळे तो आडव्या-तिरक्या वणापेक्षा परवडतो. कधी कधी तोच वण काढून टाकून बाजूची जास्तीची कातडीही घेता येते. तुझ्यापुढे मी नेहमी मिरवायचे ना, की माझा वण आडवा, लपतो तरी? घे, जिंकलीस.

तर नेहमीचं पूर्ण ऑपरेशन ती करणार नाही, हे स्पष्ट सांगितलं. मला ते आवडलं, खरं सांगू? करायचंच तर कातडी बरगडीपर्यंत रुंद सोडवायची नाही, स्नायू शिवण्यापुरती मध्ये अरुंद वाट करायची, त्या बाजूची चरबी मशीनने ओढायची नाही, आणि ताण पडणार नाही इतकीच कातडी काढायची. पोट सपाट पाटीसारखं होणार नाही, घडी मात्र जाईल. दुसरा मार्ग म्हणजे फक्त बेंबीखालचंच करायचं, पण माझी फट बेंबीच्या वरही आहे, त्यामुळे ते अर्धवट राहील. तिसरा, काहीच न करणं. तिन्ही मी अजून तोलतेय. रोज सकाळी एक ठरतं आणि संध्याकाळी दुसरं.

नवीन वण कमरेपासून कमरेपर्यंत असेल, आणि माझी कातडी वण जाड करणारी आहे हे सिझरने दाखवलंच आहे. सिलिकॉनच्या पट्ट्या वगैरे लावायच्या, तरी खात्री कुणी देत नाही. बाकी जखमेतलं पाणी बाहेर काढणाऱ्या ड्रेनच्या नळ्या, पोटाला पट्टा, पहिले काही दिवस वाकून चालणं, सहा आठवडे जड न उचलणं, हे मी सोसेन. पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून पहिल्या दिवसापासून चालवतात. सिगारेटचा धूर तर अजिबात नको, कारण निकोटिनने बारीक वाहिन्या आवळतात, आणि माझ्याकडे आवळायला जास्तीच्या आहेतच कुठे! मी ओढत नाही, पण हे ओढतात. त्यांची रवानगी घराबाहेर झाली आहे. तक्रार चालू आहे.

आता तुझं काम. डॉक्टरला १९९८ चे कागद हवेत. छेद किती खोल होता, स्नायू कापले होते का, आत नळी ठेवली होती का, टाके कसले, भूल देताना काही त्रास झाला का. बाबांच्या कपाटात वरच्या खणात फायली आहेत, त्यात माझं डिस्चार्ज कार्ड असणार. मला एवढंच आठवतंय की टाके काढल्यावर जखमेतून पाणी यायचं आणि बरेच दिवस ड्रेसिंगला नेत होते. तो पू होता की नुसतं पाणी, हे आईला माहीत असेल. जखम चिघळली असेल तर तिथे हर्नियाची शक्यता वाढते, म्हणून विचारतेय. सरळ विचारलंस तर ती रडेल. जुन्या गोष्टी निघाल्या की बोलता बोलता विचार.

कातडी मरण्याबद्दल तिला एक शब्द सांगू नकोस. ठरलं तर मीच सांगेन. तिने मदतीला यावं असं वाटतं, पण अजून नक्की नसताना तिला तयारीला लावायचं नाही. भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझीच,
धाकटी

ता. क. कार्ड सापडलं तर दोन्ही बाजूंचा फोटो पाठव. मागच्या बाजूला पेनाने लिहिलेलं असतं, ते पुसट झालं असलं तरी उन्हात धरून काढ. आणि नाहीच सापडलं तर तसंही कळव, मग सीटी स्कॅनवरच भागवावं लागेल. स्कॅनची तारीख पुढच्या महिन्यात आहे.