ओमानच्या मुलींनी आमची जागा घेतली, त्यात गैर काय?

संपादक महोदय,

आखाती देशांत स्थानिकांना प्राधान्य मिळत असल्याने भारतीय परिचारिकांवर कसे गंडांतर आले आहे, याविषयीची बातमी आपल्या दैनिकात वाचली. मी 1994 मध्ये ओमानच्या सरकारी आरोग्य सेवेत लागले आणि 2015 मध्ये माझ्या जागी ओमानी सिस्टर आली तेव्हा परतले. म्हणजे हे गंडांतर माझ्यावरच आलेले आहे. तरीही बातमीतला रडका सूर मला पटला नाही. एखाद्या देशाने आपल्या मुली शिकवून तयार केल्या आणि मग त्यांना कामावर घेतले, तर आपण गळा काढायचे कारण काय?

1970 मध्ये सुलतान काबूस गादीवर आले तेव्हा तिथे सरकारी शाळा होत्या तीन, त्याही फक्त मुलग्यांच्या. आधुनिक उपचारांसाठी मुख्य आधार मस्कतला लागून असलेल्या मत्रा बंदरातल्या अमेरिकन मिशनच्या हॉस्पिटलचा. (माझे जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, मिरजेच्या मिशन हॉस्पिटलातले, त्यामुळे हे कळल्यावर मला उगीचच माहेरचे कोणी भेटल्यासारखे झाले.) पुढे तेलाच्या पैशातून रुग्णालये भराभर उभी राहिली. मस्कतचे रॉयल हॉस्पिटल 1987 चे. इमारती झाल्या, यंत्रे आली, पण वॉर्डात उभ्या कोण? आम्ही. केरळच्या, फिलिपिन्सच्या, अधूनमधून माझ्यासारखी एखादी मराठी.

नव्वदच्या दशकात तिथल्या आरोग्य मंत्रालयाने नर्सिंगच्या संस्था राजधानीत कोंबून न ठेवता निझवा, सोहार, सूर, इब्री, रुस्ताक, सलाला अशा गावोगावी काढल्या. माझ्या मते सगळी मेख इथेच आहे. मुलीला मस्कतला ठेवायला बाप तयार नसे. पण संस्था आपल्याच भागात, सकाळी बस दारात येणार, संध्याकाळी मुलगी घरी, म्हटल्यावर त्याचा विरोध अर्धा मावळायचा. फी नाही, वर दरमहा भत्ता. तीन वर्षांचा डिप्लोमा, आणि पास झाल्यावर सरकारी नोकरी. इंग्रजी कच्चे असलेल्यांना आधी इंग्रजी शिकवायचे, मग शरीरशास्त्र.

लोक नावे ठेवत नव्हते असे नाही. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा, रात्रभर घराबाहेर राहायचे, हे तिथेही खटकायचे. त्यावर शिक्षिका मुलींना रुफैदाची आठवण द्यायच्या. पैगंबरांच्या काळात तंबूत जखमींची शुश्रूषा करणारी ही बाई. तिचे नाव घेतल्यावर घरातल्या म्हाताऱ्यांना फारसे बोलता येत नसे. आमच्या वॉर्डातल्या एका नव्या मुलीचे वडील तर तिच्या पहिल्या नाइटला गेटबाहेर गाडीतच बसून होते. मध्यरात्री आमच्या इन्चार्जने त्यांना चहा पाठवला. पुढच्या महिन्यात तेच गृहस्थ धाकटीच्या प्रवेशाची चौकशी करायला आले.

या मुलींना शिकवायचे काम आमच्याकडे होते, आणि शिकून त्या आमच्याच खुर्चीत बसणार हे सर्वांना ठाऊक होते. काही सिनियर मुद्दाम हातचे राखून शिकवत. मला त्यांचा राग येई, कीवही येई. घरी कर्जाचे हप्ते असतात.

एक रमजान मला चांगला आठवतो. मधुमेहाच्या एका आजीबाई दुपारी साखर उतरून बेशुद्ध, अशा दोनदा दाखल झाल्या. आमचे अरबी वॉर्डापुरते: कुठे दुखते, जेवलात का, श्वास घ्या. आम्ही उपवास सोडा म्हणून सांगितले, त्यांनी मान डोलावली, आम्ही फाइलवर 'समजावून सांगितले' असे लिहून टाकले. दुसऱ्या खेपेला एक ओमानी विद्यार्थिनी त्यांच्या पलंगाशी स्टूल ओढून बसली. तुम्ही कोणाकडच्या, सून कुठली, पहाटे उठवते कोण, अशा गप्पा सुरू झाल्या. त्यातून निघाले ते असे: मुलगा मस्कतला नोकरीला, सून पहाटे उठत नाही, इंजेक्शन देतो शाळकरी नातू. आजी पहाटे चार खजूर आणि पेलाभर ताक एवढ्यावर राहायच्या आणि इन्सुलिन मात्र नेहमीच्या सकाळचे, पूर्ण. डॉक्टरांनी डोस बदलून दिला, नातवाला सिरिंज भरायला त्या मुलीने शिकवले. माझ्या गाठीला तेव्हा कितीतरी जास्त अनुभव होता, पण हे मला जमले नसते.

सगळे आलबेल होते असेही नाही. कधी कधी बदली करण्याची घाई फार व्हायची. आयसीयूतल्या अनुभवी बायका एकदम गेल्या की नव्या मुलींवर ताण पडतो, आणि तो रुग्णाला भोवतो. माणूस तयार होतो वर्षानुवर्षे, आदेश निघतो एका दिवसात. निरोपही जरा बरा देता आला असता. हातात पत्र आणि तिकीट, एवढेच. पण याला अन्याय म्हणणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2010 मध्ये केलेल्या संहितेतही हेच आहे: दुसऱ्या देशांतून परिचारिका ओढण्याऐवजी प्रत्येकाने आपली माणसे घडवावीत, टिकवावीत.

टिकवावीत, हा भाग आपल्याकडे कोणी वाचलेला दिसत नाही. माझी भाची बीएस्सी नर्सिंग होऊन आमच्याच भागातल्या एका रुग्णालयात कंत्राटावर आहे. अकरा महिन्यांचा करार, मग दोन-चार दिवसांचा खंड, मग पुन्हा करार. नाइटला चाळीसच्या वर रुग्ण आणि त्या दोघीजणी. आता ती जर्मन भाषेच्या क्लासला जाते. तिला कोणत्या तोंडाने थांब म्हणू?

केंद्राने 2023 मध्ये 157 नवी नर्सिंग कॉलेजे मंजूर केली. काढा, जरूर काढा. पण सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 च्या आदेशावरून नेमलेल्या समितीने खासगी रुग्णालयांसाठी सांगितले होते की पन्नासहून कमी खाटा असल्या तरी परिचारिकेला किमान वीस हजार द्या, आणि दोनशेहून जास्त खाटा असतील तर सरकारी परिचारिकेइतका पगार द्या. सांगली-मिरजेत गल्लोगल्ली रुग्णालये आहेत. त्यातली किती हे पाळतात, आणि जी पाळत नाहीत त्यांना विचारणार कोण?

– एक निवृत्त परिचारिका, मिरज