बाबा, गुडघ्यांचं कारण आता चालणार नाही

प्रिय आई, बाबा,

परवा फोनवर बाबा म्हणाले "गुडघे दुखतात, आणि रत्नागिरीत येऊन काय बघायचं, समुद्र तो समुद्रच", आणि मी काही बोलायच्या आत फोन आईच्या हातात. म्हणून म्हटलं लिहूनच पाठवतो, मध्येच कोणी तोडणार नाही.

तर बाबा, तुम्ही वर्गात इतकी वर्षं टरफलांची गोष्ट सांगितलीत ना, त्या माणसाचा जन्म झाला ते घर माझ्या रूमपासून चालत दहाएक मिनिटांवर आहे. टिळक आळी. कौलारू, साधं घर, मला उगाच वाटलेलं की मोठा वाडाबिडा असेल. १८५६ चा जन्म, आणि दहा वर्षांचे असताना वडिलांची बदली झाली म्हणून पुण्याला गेले. म्हणजे बदलीचं पोर, आपल्यासारखंच! हे वाचून मला जाम हसू आलं, तुमच्या बदल्यांत मी तीन शाळा बदलल्या पण माझं काही लोकमान्य झालं नाही.

पण खरी गंमत पुढे आहे. इथे थिबा पॅलेस आहे, ब्रह्मदेशच्या राजाचा. इंग्रजांनी १८८५ ला त्याचं राज्य घेतलं आणि पुढच्या वर्षी त्याला कुटुंबासकट इथे आणून ठेवलं. हा राजवाडा त्याला मिळाला १९१० ला, म्हणजे जवळजवळ पंचवीस वर्षं इथे काढल्यावर. आता बघा, राजाची राजधानी होती मंडाले, आणि १९०८ ते १९१४ आपले टिळक कुठे होते? मंडालेच्या तुरुंगात! तुमच्या कपाटातलं गीतारहस्य तिथेच लिहिलं गेलं. म्हणजे मंडालेचा राजा रत्नागिरीत अडकलेला आणि रत्नागिरीत जन्मलेला माणूस मंडालेत, दोघंही एकाच वेळी. मी तिथल्या लाकडी कोरीवकामाच्या खिडकीपाशी उभा होतो तेव्हा हे एकदम डोक्यात जुळलं आणि पहिला विचार आला की बाबांना सांगायला पाहिजे. शाळेत दोन्ही वेगवेगळ्या धड्यांत शिकलो, जोडून कोणी दाखवलंच नाही (तुम्हीसुद्धा नाही!).

राजा १९१६ ला इथेच गेला, समाधी पण इथेच आहे. आई, तुझ्यासाठी सांगतो, राणी १९१९ ला परत गेली पण थोरली राजकन्या पुन्हा इथे आली, तिचं राजाकडच्याच एका नोकराशी जुळलेलं, आणि शेवटपर्यंत ती इथेच राहिली, फार गरिबीत. तू सिरीयल बघतेस त्यापेक्षा हे भारी आहे.

सावरकरांना पण इंग्रजांनी १९२४ पासून १९३७ पर्यंत याच जिल्ह्यात अडकवून ठेवलेलं, राजकारण करायचं नाही या अटीवर. त्याच काळात १९३१ ला पतितपावन मंदिर झालं, सगळ्या जातींच्या हिंदूंना उघडं, आणि ते बांधून दिलं भागोजीशेठ कीर यांनी. देऊळ गावातच आहे, रिक्षा दारापर्यंत जाते.

रत्नदुर्ग किल्ल्याचं मात्र खरं सांगतो, गाडी बरीच वर जाते पण भगवतीच्या देवळाला पायऱ्या आहेतच. बाबा खाली बसून समुद्र बघतील, आपण दोघं जाऊन येऊ. मत्स्यालयात व्हेल माशाचा अख्खा सांगाडा आहे, तो बघायला पायऱ्यांची भानगड नाही. आणि संध्याकाळी मांडवीला. मी ऑफिस सुटलं की तिथेच जाऊन बसतो, भेळ घेतो, होड्या परत येताना दिसतात, काळसर वाळू आहे, पायाला चिकटते ती घरी येऊन धुतली तरी चपलेत सापडतेच. एकट्याने बसायचा आता कंटाळा आलाय, खोटं कशाला बोलू.

सोलापूरहून एका दमात येऊ नका. कोल्हापूरला मुक्काम करा, सकाळी निघा म्हणजे आंबा घाट उजेडात लागेल, आणि आई, घाटात तुला मळमळतं तर गोळी आधीच घे, वळणं सुरू झाल्यावर नाही. तिकिटं मी काढतो, फक्त तारीख सांगा. बाबांना विचारत बसू नको, तूच ठरव.

आणि शेंगाचटणी जास्त आण. मागच्या डब्यातली अर्धी घरमालक काकूंनीच संपवली, आता तळाला नुसतं तेल उरलंय.

तुमचा,
बाळू