पॉजरकाका राहतात, ती बाई जाते

प्रिय वसंता,

गणपतीत तुझा फोन आला तेव्हा घर पाहुण्यांनी भरलेलं होतं. ‘नंतर करतो’ म्हणालो आणि तो नंतर काही उगवला नाही. शिव्या घाल, पण पत्र वाचून झाल्यावर. जे झालंय ते इथे कुणाला सांगितलं तर ‘एवढंच?’ म्हणतील. हिने म्हणून झालंय.

तब्येत ठीक. साखर आटोक्यात आहे, गुडघा धरलाय. जेरोम के. जेरोमच्या ‘थ्री मेन इन अ बोट’मधल्या त्या माणसाला ब्रिटिश म्युझियममध्ये बसून पुस्तकातले सगळे रोग सापडले, फक्त मोलकरणीचा गुडघा तेवढा नव्हता. तो माझ्या नावावर जमा झालेला दिसतोय.

तर झालं असं. इथल्या एका वाचनालयाने कोजागरीला ‘थ्री मेन इन अ बोट’चं अभिवाचन ठरवलं. मराठी मी केलं, उतारेही मीच निवडले: पॉजरकाकांची तसबीर, पॅकिंग, हॅम्प्टन कोर्टचा भुलभुलैया, हॅरिसचं गाणं, अननसाचा डबा. आणि गोरिंगची बाई. तालमीला समितीतले दोघं-तिघं येऊन बसले. पॉजरकाका स्टुलावर चढल्यापासून जे हसत सुटले ते थांबेचनात. गोरिंग आलं, आणि नेमक्या ठिकाणी एकजण मोठ्याने हसला.

कुठे, ते तुला सांगायला नको. पण तू ती पानं उलटून पुढे जायचास, तेव्हा सांगतोच. रेडिंगपासून या तिघांची, म्हणजे गोष्ट सांगणारा ‘जे’, जॉर्ज आणि हॅरिस यांची होडी ओळखीच्या एका वाफेच्या लाँचने ओढत आणलेली असते. लाँच सोडून जाते आणि वल्ही कुणी मारायची यावरून जुंपते. सकाळचा करार काय, तर ‘जे’ने रेडिंगच्या पुढे तीन मैल होडी न्यायची. इथे तर दहा मैल झाले, म्हणजे आता पाळी यांची! कुणी ऐकत नाही, शेवटी बिचारा वल्ही घेतो. मिनिटभर होत नाही तोच जॉर्जला पाण्यावर काहीतरी काळं तरंगताना दिसतं. तो वाकून धरतो आणि किंचाळून मागे सरतो. इथे तो गृहस्थ हसला. त्याला वाटलं, पुन्हा अननसाचा डबाच.

ते एका बाईचं प्रेत असतं. फसवलेली, घरच्यांनी टाकलेली. रोज बारा तास राबून आठवड्याला बारा शिलिंग मिळायचे, त्यातले सहा मुलासाठी जायचे. शेवटच्या दिवशी मुलाच्या हातात एक पेनीची चॉकलेटची डबी ठेवते, थकल्यासारखा त्याचा मुका घेते आणि उरल्यासुरल्या पैशांत गोरिंगचं तिकीट काढते. काठावरची माणसं प्रेत ताब्यात घेतात. लगेच जेरोमसाहेब सांगणार, गोरिंग आणि स्ट्रीटली ही दोन्ही गावं राहायला फार छान. पुढच्या प्रकरणात हे तिघं नदीत कपडे धुतात आणि नदीच स्वच्छ होते, आणि मग तो प्लास्टरचा मासा.

‘मसाला दुधाच्या आधी प्रेत कशाला?’ समितीचा सवाल. ‘लोक हसायला येतात हो. नाहीतर आपले चिमणराव काय वाईट होते?’ मी म्हटलं, चिमणराव उत्तमच, पण ते टेम्समध्ये नव्हते. कुणी हसलं नाही. मीटिंगमध्ये माझे विनोद पडतात, ते तुला ठाऊक आहे.

वसंता, मला भीती समितीची नाही. वाचनालयाच्या गच्चीवर दोनशे माणसं तिथेच हसली तर काय करू? कारण हॉस्टेलवर मी वाचत होतो तेव्हा तूही नेमका तिथेच हसला होतास, आणि मग रात्रभर गप्प. दुसऱ्या दिवशी म्हणालास, ‘हा माणूस मधेच गहिवरतो, ती सगळी थट्टा आहे, चांदण्याची वर्णनंसुद्धा.’ मी म्हणालो, त्याला ते मनापासून म्हणायचंय. पक्याने दोघांना मेस बंद होईल म्हणून ओढत नेलं. तो वाद तसाच राहिलाय. मी अजून माझ्याच बाजूला आहे.

आणि पुरावाही आहे. जेरोमला विनोदी पुस्तक लिहायचंच नव्हतं. 1888 मध्ये एटीशी लग्न केलं, मधुचंद्राला दोघं टेम्सवर छोट्या होडीत फिरून आली आणि तो नदीवर, तिच्या इतिहासावर लिहायला बसला. विनोद आपला मधूनमधून तोंडी लावायला. बायकोला होडीतून उतरवून जॉर्ज विंग्रेव्ह आणि कार्ल हेन्शेल या मित्रांना बसवलं, हेन्शेलचा हॅरिस केला. वर एक कुत्रा, जो मुळात नव्हताच. (हे ऐकून ही म्हणाली, ‘सगळे सारखेच.’) ज्या मासिकात ते आधी छापून येत होतं त्याचा संपादक रॉबिन्सन, त्याने इतिहासाचे बहुतेक ढिगारे काढून टाकले. 1889 मध्ये ब्रिस्टलच्या ॲरोस्मिथने पुस्तक काढलं. टीकाकारांनी कारकुनी भाषा म्हणून नाकं मुरडली, ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकाने तर त्याचं ‘आरी के. आरी’ करून टाकलं, म्हणजे ‘हॅरी’तला ‘ह’ गिळणारा गावठी. पण रेल्वेने रविवारी नदीवर येणारे कारकूनच तर ते विकत घेत होते! इतकं खपलं की ॲरोस्मिथ म्हणायचा, लोक ही पुस्तकं खात असावेत.

आता माझी पंचाईत बघ. रॉबिन्सनची कात्री चालली नसती तर टेम्सकाठच्या मठांचा इतिहास आज कुणी वाचला असता? म्हणजे कात्रीनेच पुस्तक जगवलं. नंतरही ते तुकड्यांनीच पसरलं. आपण धड्यात पॉजरकाका वाचले, सीबीएसईच्या नववीला ‘पॅकिंग’ होतं. रशियात 1979 मध्ये टीव्हीवर त्याचं गाण्याबजावण्यासकट संगीतक झालं. बीबीसीसाठी 1975 मध्ये टॉम स्टॉपार्डने लिहून दिलं. जो तो आपला तुकडा उचलतो, मग समितीने उचलला तर मी कोण अडवणारा? पण रॉबिन्सनच्या कात्रीतून सुटून ती बाई पुस्तकात राहिली, आणि आमच्या वाचनालयात मसाला दुधासाठी जाणार? हे काही माझ्या पचनी पडत नाही. ती काढली तर उरतात ते तीन टवाळ. ती असली की कळतं, हे हसणारे लोकही बारा-बारा तास काम करून नदीवर आलेत. स्वतः जेरोम आईबाप गेल्यावर पोरवयात रेल्वेत कोळसे वेचत होता, त्याला काय माहीत नव्हतं?

मग माझं वाचन चुकतंय का? जॉर्ज वाकतो तिथे मी आवाज खाली आणू? की मुद्दाम तसाच चढा ठेवू, हसले तर हसले, पुढच्या वाक्याला पडू दे तोंडावर? जेरोमने बहुधा तेच केलंय. पण छापलेल्या पानावर हसणारा एकटा असतो, गच्चीवर शेजारी शेजारी बसलेले असतात.

नातीचं बारसं झालं ना? नाव काय ठेवलंत? वहिनींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट पार पडलं असेलच. बडोद्याचं घर विकायचं ठरलं तर आधी मला कळव, माझी दोन खोकी पुस्तकं तुझ्या माळ्यावर आहेत आणि तू ती रद्दीत घालशील.

सोबत गोरिंगची पानं पाठवतोय. वहिनींना मोठ्याने वाचून दाखव, आधी काही सांगू नकोस. ‘काळं काहीतरी’पाशी त्या काय करतात ते बघ आणि मला शनिवारच्या आत फोन कर. आणि तू तेव्हा का हसलास, ते आता तरी खरं सांग. चीजच्या वासाचा किस्सा घ्यावा का, हेही कळव. उपाध्यक्ष पहिल्या रांगेत बसतात आणि ते लसूणसुद्धा खात नाहीत.

तुझा,
मध्या