गुलाबी मिरी ही मिरी नव्हे

संपादक महोदय,

दुकानात ‘गुलाबी मिरी’ म्हणून मिळणारे दाणे काळ्या मिरीचाच प्रकार आहेत, असे अनेकजण मानतात. हा गैरसमज दूर व्हायला हवा. काळी मिरी वेलीवर येते. गुलाबी दाणे मात्र मूळच्या दक्षिण अमेरिकेतल्या शायनस या वृक्षांचे, आणि ते वृक्ष काजूच्या कुळातले!

यांतला शायनस मोले मला फार देखणा वाटतो. फांद्या खाली झुकलेल्या, पाने बारीक पर्णिकांची, नर आणि मादी फुले बहुधा वेगवेगळ्या झाडांवर. त्यामुळे काही झाडांना कधीच फळ धरत नाही. पानाचे तुकडे पाण्यावर टाकून पाहा, ते झटके देत पुढे सरकतात, कारण पानातील राळ जोराने बाहेर पडते.

राळेच्या या नलिका हीच या कुळाची खूण. आंबा, पिस्ता, चारोळी, बिब्बा हे सारे याच घरातले. सुमारे ८० प्रजाती आणि ८००हून अधिक जाती. आंब्याचा चीक त्वचेला लागला की खाज का सुटते, बिब्ब्याने फोड का येतात, याचे उत्तर या चिकातल्या दाहक रसायनांत आहे.

म्हणूनच एक कळकळीची विनंती. काजूची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांना गुलाबी मिरीनेही त्रास होऊ शकतो. वेष्टनावर ‘काजू कुळातील’ एवढे दोन शब्द ठळक छापले जावेत.

— एक वनस्पतीप्रेमी वाचक