भुलाबाईचा साचा

नागपूर,
एप्रिलअखेर

प्रिय मैत्रिणीस,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि तू घडवलेल्या भुलाबाई-भुलोबांची, म्हणजे आपल्या विदर्भातल्या पार्वती-शंकरांची, छायाचित्रे मिळाली. पदराच्या चुण्या तू कोरणीने न कोरता बोटाने दाबून काढल्या आहेस, हे पाहताक्षणी ओळखता येते आणि मला सर्वांत अधिक त्याच आवडल्या. सिलिकॉनचा साचा सहज सुटावा म्हणून भुलाबाईचे कोपर कमरेला चिकटवावे आणि भुलोबांची जटा सपाट करावी, असा सल्ला तुला मिळाल्याचे तू लिहितेस. कृपा करून तसे करू नकोस. साच्यासाठी मूर्ती बदलावी लागते ती कडक प्लास्टरच्या साच्यात; सिलिकॉन ताणले जाते, वाकते आणि कोपराखालच्या अडणाऱ्या जागेतूनही सोलून निघते. त्याच्यासाठी एवढे पैसे मोजायचे ते याच गुणापोटी, मग त्या गुणाचा उपयोग करूनच घ्यावा.

खरा विचार करायचा आहे तो साच्याचे दोन भाग कोणत्या रेषेवर जुळवायचे याचा. ही रेषा चेहऱ्यावरून कधीही नेऊ नये, कारण ओतलेल्या प्रतीवर तेथे शीर उमटते आणि ती घासताना गालाची गोलाई हमखास बिघडते. तुझ्या भुलाबाईच्या बाबतीत ती अंबाड्याच्या पुढून कानांमागे, तेथून खांद्यावर, दंडाच्या बाहेरच्या कडेने आणि मांडीच्या बाजूने पाटापर्यंत उतरावी. डाव्या अंगाला ती पदराच्या घडीत आपोआप लपेल. कोपर आणि कमर यांमधली पोकळी मात्र मॉडेलिंग क्लेच्या पातळ पडद्याने मधोमध बंद कर. पडदा नसेल तर सिलिकॉन तेथून आरपार जाऊन हाताभोवती कडे तयार होते आणि साचा उघडताना कच्च्या मातीचा तो हात मोडतो.

त्याआधी मूर्ती पूर्ण वाळलेली हवी. शाडू उन्हात वाळवली तर जोडांवर तडे जातात, म्हणून सावलीत, सुती कापड घालून ती सावकाश वाळव. भाद्रपद पौर्णिमेला भुलाबाई बसणार आणि त्याआधीचे महिने दमट, तेव्हा मृग लागण्यापूर्वीच हे काम उरकलेले बरे. वाळलेल्या शाडूच्या छिद्रांत सिलिकॉन शिरले की ते सुटता सुटत नाही. त्यासाठी स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपडा लाखेचे पातळ हात दे आणि प्रत्येक हात वाळू देऊनच पुढचा दे. जाड हात दिलास तर चुण्या बुजतील. त्यावर व्हॅसलीनचे बोट फिरवायचे तेही पुसटच, कारण सिलिकॉन इतके बारकाईने ठसा घेते की व्हॅसलीनमधल्या ब्रशच्या रेघासुद्धा प्रतीत दिसतात.

सिलिकॉन दोन प्रकारचे मिळते. प्लॅटिनमने घट्ट होणारे अधिक वर्षे टिकते आणि जवळजवळ आकसत नाही. पण गंधकाचा स्पर्श झाला की त्या जागी ते चिकटच राहते, आणि पुष्कळशा तेलकट मॉडेलिंग क्लेमध्ये गंधक असते. लेटेक्सच्या हातमोज्यांनीही तसेच होते. आपल्याला अर्धी मूर्ती अशाच क्लेमध्ये बसवायची असल्यामुळे कथिलाच्या संयुगाने घट्ट होणारे सिलिकॉन घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. ते कालांतराने थोडे आकसते, परंतु तुझ्या कामाला तेवढे चालेल. हार्डनर डोळ्यांच्या अंदाजाने न घालता वजनकाट्यावर मोजूनच घाल. किती सिलिकॉन लागेल हे कळण्यासाठी चौकटीत मूर्तीभोवती तांदूळ भर आणि तेच तांदूळ मापात ओतून बघ. जितके मिलिलिटर भरतील त्याच्या सुमारे सव्वापट ग्रॅम सिलिकॉन पुरते.

ओतण्याची वेळ पहाटेची ठेव. डब्यावर छापलेला वेळ साधारण 25 अंशांच्या आसपासचा असतो, आणि वर्धा काय किंवा नागपूर काय, मे महिन्यात पारा 45 च्या घरात गेला की तोच वेळ निम्म्याहूनही कमी होतो. भांड्यातच सिलिकॉन दाटू लागते आणि बुडबुडे वर यायला अवसर मिळत नाही. पहिला थर ब्रशने नाकपुड्या, कानांच्या पाळ्या आणि चुण्यांच्या तळाशी नीट बसव. उरलेले उंचावरून, बारीक धारेने, चौकटीच्या एकाच कोपऱ्यात ओत म्हणजे ते आपले आपण मूर्तीवर चढेल. पहिला अर्धा भाग घट्ट झाल्यावर क्ले काढून टाक. मात्र दुसरा भाग ओतण्यापूर्वी पहिल्याच्या सबंध काठाला आणि दोन्ही भाग नेमके जुळावेत म्हणून काठावर ठेवलेल्या खळग्यांना व्हॅसलीन लावायला विसरू नकोस. सिलिकॉन इतर कशालाही सहसा चिकटत नाही, पण स्वतःला घट्ट चिकटते.

या साच्यातून रेझिनच्या किंवा प्लास्टरच्या प्रती उत्तम निघतील. साचा उलटा धरून पाटाच्या बाजूने ओतलेस तर हवा तळाकडे चढेल आणि चेहरा स्वच्छ येईल. शाडूच्या प्रती मात्र यातून काढण्याचा हट्ट धरू नकोस. सिलिकॉन पाणी शोषत नाही, त्यामुळे आत दाबलेली माती ओलीच राहते आणि काढताना तिचे नाक-बोटे साच्यातच उरतात. कोजागरीनंतर विसर्जन करायचे असेल तर मूर्ती मातीचीच हवी, याबद्दल मी तुझ्याशी पूर्ण सहमत आहे. त्यासाठी सिलिकॉनमधून रेझिनची एक पक्की प्रत काढावी आणि तिच्यावरून प्लास्टरचा साचा करावा. प्लास्टर मातीतले पाणी ओढून घेते आणि माती आकसून आपोआप सुटते. प्लास्टर वाकत नसल्याने तेथे हात वेगळा घडवून शाडूच्या पातळ लगद्याने जोडावा लागेल, पण ती तडजोड त्या प्रतीपुरतीच राहील आणि तुझी मूळ भुलाबाई आहे तशीच राहील.

लाखेचा पहिला हात देण्यापूर्वी दोन्ही बाजूंची आणि पाठीची छायाचित्रे पाठव. त्यांवर जोडरेषा पेन्सिलीने आखून मी परतीच्या टपालाने पाठवते. भुलोबांच्या जटेतला नाग पाठीमागून कसा वळतो हे समोरच्या चित्रात कळत नाही, तेव्हा तेवढा भाग जवळून घे.

तुझी,
बालमैत्रीण