थायरॉईडचा रिपोर्ट बिघडतो तो बहुधा यंत्रापर्यंत पोहोचण्याआधीच

मा. संपादक,
स. न.

पुण्यात हल्ली कुठल्याही पेठेत 'फुल बॉडी चेकअप'चे फलक दिसतात आणि त्यात थायरॉईड हमखास असते. सकाळी लॅबचा माणूस घरी येऊन रक्त काढतो, संध्याकाळपर्यंत मोबाइलवर रिपोर्ट येतो. सोय खरोखर चांगली आहे. पण रक्त काढताना नाव, वय आणि 'उपाशीपोटी आहात ना?' यापलीकडे फारसे काही विचारले जात नाही. थायरॉईडचे आकडे फसवे निघतात ते बरेचदा इथेच.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न केसांच्या गोळ्यांचा. केस आणि नखांसाठी मिळणाऱ्या गोळ्यांत बायोटिन हे ब गटातले जीवनसत्त्व असते, अनेकदा ५ किंवा १० मिलिग्रॅम. शरीराची रोजची गरज जेमतेम ३० मायक्रोग्रॅम, म्हणजे १० मिलिग्रॅमची एक गोळी तिच्या तीनशे पटींहून अधिक. एवढे बायोटिन सहसा अपाय करत नाही, मात्र थायरॉईड मोजणाऱ्या अनेक यंत्रांची पद्धतच बायोटिनवर बेतलेली आहे. टीएसएच, म्हणजे थायरॉईड ग्रंथीला कामाला लावणारे हार्मोन, मोजताना दोन अँटिबॉडी त्याला दोन बाजूंनी धरतात. एकीला बायोटिन जोडलेले असते, दुसरीला प्रकाश देणारा रेणू. चुंबकीय कणांवरचे स्ट्रेप्टाव्हिडिन नावाचे प्रथिन त्या बायोटिनला पकडून ठेवते, बाकीचे धुऊन जाते आणि उरलेला प्रकाश मोजला जातो. रक्तातच सुटे बायोटिन भरपूर असले की कणांवरच्या जागा तेच अडवते. पकडलेले टीएसएच धुण्यात निघून जाते, प्रकाश कमी पडतो आणि आकडा खोटाच खाली येतो. टी४ आणि टी३ ही थायरॉईडची स्वतःची हार्मोन्स. त्यांचा प्रथिनांना न चिकटलेला भाग, म्हणजे फ्री टी४ आणि फ्री टी३, मोजण्याची रीत स्पर्धेची असते: रुग्णाचे हार्मोन आणि प्रकाश देणारा रेणू यांच्यात जागेसाठी चढाओढ लागते. तिथे प्रकाश जितका कमी तितके हार्मोन जास्त असा हिशेब, त्यामुळे ते आकडे खोटेच वर जातात. कागदावर हुबेहूब ग्रेव्हज आजार, म्हणजे थायरॉईड अति काम करण्याचा आजार, दिसतो. त्या आजाराची अँटिबॉडी अशाच स्पर्धेच्या पद्धतीने मोजली तर तीही पॉझिटिव्ह येऊ शकते आणि धडधाकट माणसाला कार्बिमाझोल हे थायरॉईड दाबणारे औषध सुरू होण्याची वेळ येते. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने नोव्हेंबर २०१७ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला. त्यानंतर काही कंपन्यांनी आपली रसायने सुधारली, काही यंत्रांत ही पद्धत मुळातच नाही. म्हणूनच तपासणी कोणत्या पद्धतीने केली हे रिपोर्टवर छापलेले हवे. रक्त देण्याआधी किमान दोन दिवस बायोटिन बंद ठेवावे. डोस फार मोठा असेल किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, तर किती दिवस ते डॉक्टरांनाच विचारावे.

दुसरा प्रश्न, आजची थायरॉक्सिनची, म्हणजे टी४ ची, गोळी घेतली का? गोळी घेतल्यावर पुढचे काही तास फ्री टी४ १५-२० टक्क्यांपर्यंत वर राहू शकते. टीएसएच तासाभरात हलत नाही, त्यामुळे दोन्ही आकडे एकत्र वाचताना डॉक्टरांचा गोंधळ उडतो. रक्त आधी द्यावे, गोळी नंतर. एरवी ती नुसत्या पाण्याबरोबर, पहिल्या चहाच्या अर्धा ते एक तास आधी. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांत चार तासांचे अंतर हवे, कारण त्या थायरॉक्सिनला आतड्यातच बांधून ठेवतात. गोळी नियमित घेऊनही टीएसएच वर राहते तेव्हा डोस वाढवण्याआधी हे विचारायला हवे. पित्तासाठी रोज पँटोप्राझोल चालू आहे का, हेही.

उपाशीपोटी असण्यापेक्षा इथे घड्याळ महत्त्वाचे. टीएसएच रात्री २ ते ४ च्या सुमारास सर्वांत जास्त असते आणि दुपारनंतर सर्वांत कमी. सकाळी ७ ला ५.२ आलेले टीएसएच त्याच माणसात दुपारी ४ ला ३.८ येऊ शकते, आणि तेवढ्यावर एकाला 'बॉर्डरलाइन' म्हणतात, दुसऱ्याला 'नॉर्मल'. पुन्हा तपासायचे तर तीच वेळ आणि शक्यतो तीच लॅब असावी. वेगवेगळ्या कंपन्यांच्या किटचे आकडे अजूनही पूर्ण जुळत नाहीत. डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवडे थांबावे. टी४ चे रक्तातले अर्धआयुष्य सुमारे सात दिवसांचे आहे, त्यामुळे महिन्याच्या आत काढलेला रिपोर्ट अर्धवट चित्र दाखवतो.

पॅकेजमधल्या 'टी३, टी४, टीएसएच'बद्दलही बोलले पाहिजे. शरीरातले जवळपास ८० टक्के टी३ ग्रंथीत बनत नाही. यकृत, मूत्रपिंड, स्नायू अशा ठिकाणी टी४ मधला एक आयोडीनचा अणू काढून ते तयार होते. तापात, मोठ्या शस्त्रक्रियेनंतर किंवा उपासमारीत हे रूपांतर मंदावते आणि टी३ घसरते. ग्रंथी मात्र ठणठणीत असते. गरोदरपणात आणि गर्भनिरोधक गोळ्यांवर टी४ वाहून नेणारे प्रथिन वाढते, म्हणून एकूण टी४ वर जाते. तिथे फ्री टी४ हवे, आणि गरोदर स्त्रीचे टीएसएच त्या तिमाहीच्या मर्यादेशीच ताडायला हवे. थायरॉईड कमी असलेल्या रुग्णाचा डोस ठरवायला टी३ सहसा लागतच नाही.

नमुन्याच्या वाटेत थायरॉईडचे घटक बऱ्यापैकी टिकतात. धोका घाईचा असतो. साध्या किंवा जेलच्या ट्यूबमधले रक्त पूर्ण गोठायला अर्धा तास द्यावा लागतो. तो न देता यंत्रात वेगाने फिरवले (सेंट्रिफ्यूज केले) तर सीरममध्ये, म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळ्या होणाऱ्या द्रवात, फायब्रिन या गोठवणाऱ्या प्रथिनाचे धागे राहतात, यंत्राची सुई अडते आणि नमुना कमी ओढला जातो.

वैद्यकीय प्रयोगशाळांसाठीच्या आयएसओ १५१८९ या मानकात नमुना हाती येण्याआधीच्या टप्प्यासाठीही अटी आहेत. त्याला धरून शहरातल्या लॅबनी मागणीपत्रावर चार रकाने वाढवावेत: बायोटिन शेवटचे कधी घेतले, थायरॉक्सिनची गोळी किती वाजता घेतली, गरोदर असल्यास कितवा आठवडा, आणि गेल्या महिन्याभरात मोठे आजारपण झाले का. रिपोर्टवर रक्त काढल्याची वेळ आणि तपासणीची पद्धत छापावी. यासाठी नवे यंत्र लागत नाही, दोन मिनिटे आणि एक पेन लागतो.

आकडे आणि लक्षणे जुळत नसतील तर रुग्णांनीही औषध सुरू करण्याआधी लॅबशी बोलावे. उरलेले सीरम फ्रिजमध्ये काही दिवस ठेवलेले असते. ते टप्प्याटप्प्याने पातळ करून पुन्हा मोजता येते किंवा वेगळ्या पद्धतीच्या यंत्रावर लावता येते. पातळ केल्यावर आकडे प्रमाणात उतरले नाहीत, तर रक्तातली एखादी अँटिबॉडी तपासणीत अडथळा आणते आहे असा संशय घ्यावा. अशी फेरतपासणी मागणे हा रुग्णाचा हक्क आहे, आणि मागितली म्हणून कोणत्याही चांगल्या लॅबने राग मानू नये.

आपली,
एक क्लिनिकल बायोकेमिस्ट, कर्वेनगर, पुणे