माथेरान मॅलेटच्या आधीही होतंच की

मा. संपादक,

रविवारच्या पुरवणीतला माथेरानचा लेख वाचला, फोटो झकास होते, पण परत तेच, १८५० साली ठाण्याचा कलेक्टर मॅलेट आला आणि त्याने माथेरान "शोधलं". अहो, ठाकर, कातकरी, धनगर आधीपासून त्या डोंगरात वावरत होते, साहेब पायथ्याच्या चौक गावाच्या बाजूने वर चढला तेव्हा पाऊलवाटा काय त्याने पाडल्या का? आजही उन्हाळ्यात पायथ्याच्या वाड्यांमधल्या बायका डोक्यावर पाटी घेऊन चढून येतात, जांभळं-करवंदं पानाच्या द्रोणात घालून विकतात, आणि आपला टुरिस्ट दहा रुपयांसाठी त्यांच्याशी घासाघीस करतो. त्यांच्याबद्दल लेखात एक ओळ नाही.

जंगलावर पण "घनदाट झाडी" एवढंच. वर लाल जांभा दगड आणि खाली काळा बसॉल्ट, जांभ्यात भोकंच भोकं, पावसाचं पाणी आत मुरतं आणि खालच्या कठीण दगडाला अडलं की कड्याच्या अंगाने झरा होऊन फुटतं. त्या लाल मातीला धरून ठेवायला वर हिरडा, जांभूळ, अंजनी उभी आहे म्हणून शेकरूला रान आहे. २००३ ला हा सगळा भाग इको सेन्सिटिव्ह झोन, म्हणजे निसर्ग जपायचा नाजूक भाग, म्हणून जाहीर झाला, आणि तरी रस्त्यांवर पेव्हर ब्लॉक टाकायचा हट्ट. उतारावर घोडे घसरतात, हे घोडेवाले सांगून थकले (लाल धुळीने बूट खराब होतात म्हणणाऱ्यांनी चप्पल घालून यावं!).

टॉय ट्रेनवर मात्र अर्धं पान. ठीक आहे, आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने १९०७ ला ती सुरू केली, मोठंच काम. पण भाई कोतवाल? १९१२ ला माथेरानातच जन्म, न्हावी कुटुंबातला मुलगा, वकील झाला, शेतकऱ्यांच्या पोरांसाठी शाळा चालवल्या, माथेरान नगरपालिकेचा उपाध्यक्ष झाला, बेचाळीसमध्ये भूमिगत होऊन इंग्रजांविरुद्ध लढणारी आझाद दस्ता ही तुकडी उभी केली, विजेचे मनोरे पाडले आणि २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडच्या जंगलात हिराजी पाटलांसोबत गोळीबारात गेला. लेखात नाव सुद्धा नाही आणि पॉइंट्सची नावं मात्र सगळी, लुईसा, अलेक्झांडर, पॅनोरमा.

पुढच्या वेळी वार्ताहराला गाड्या थांबतात त्या दस्तुरी नाक्यापर्यंत गाडीने न पाठवता चौकवरून वन ट्री हिलच्या वाटेने पायी पाठवा, पण पाऊस संपल्यावर, नाहीतर पाय घसरायचा.

— एक वाचक, नेरळ